पहिलं दळण

धंदा न करता धंद्याविषयी इतकं जाणणारा माणूस उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात माझ्या साडूशिवाय दुसरा निपजला नसेल. माझ्या बायकोची थोरली बहीण ती आमची ताई, आणि हे तिचे यजमान. आम्ही दोघं एकमेकांना साडूभाऊ म्हणतो. मोरिवलीच्या ज्या कारखान्यात ते डब्यांची झाकणं दाबायच्या मशीनवर होते, तो एक दिवस बंद झाला. हातात जी काही रक्कम आली ती त्यांनी मुदत ठेवीत टाकली आणि घरी येऊन जाहीर केलं, "आता नोकरी बास. आता आपला धंदा." ताईने देवापुढे साखर ठेवली. कुठला धंदा, हे मात्र तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते ठरवायला त्यांना कित्येक वर्षं लागली. त्यांतली निम्मी तरी माझ्यामुळे लागली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुंजी एकदाच मिळते, तेव्हा धंदा नीट पारखून घ्यायचा, हे त्यांचं तत्त्व. पारखायचा म्हणजे आधी स्वतः त्या धंद्याचं गिऱ्हाईक व्हायचं. रोज सकाळी डबा घेऊन, जणू ड्युटीवरच निघाल्यासारखे ते अंबरनाथ पूर्वेच्या घरातून निघत आणि उल्हासनगरचा बाजार उघडायच्या आत तिथे पोचत. दुकानदार शटर कसं उघडतो, आधी झाडू मारतो की आधी उदबत्ती लावतो, नोकर मालकाच्या आधी येतो की नंतर, यावरून धंद्याची तब्येत कळते असं त्यांचं म्हणणं. पण उघडत्या दुकानासमोर नुसतं उभं राहता येत नाही. दुकानदार विचारतोच, काय पाहिजे? मग काहीतरी घ्यावं लागे. त्यामुळे ताईच्या घरात जगातल्या बहुतेक मालाचा एकेक नग जमा झाला. एक जीन्सची चेन, एक नळाची तोटी, सोफ्याचा एक लाकडी पाय, एक फोटो नसलेली फ्रेम. मासे विकायचा विचार होता तेव्हा काचेच्या बरणीत एक लाल मासाही होता. ताई म्हणायची, "याला जोडीदार तरी आणा हो." त्यावर यांचं उत्तर, "अगं, सँपल आहे ते."

यातून एक गंमत झाली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. उल्हासनगरात तिला बोहनी म्हणतात. रोज कुठल्या ना कुठल्या दुकानाची भवानी साडूंच्या हातून होऊ लागली. कापडवाल्या एका सिंधी शेठला वाटलं, हा माणूस ज्या दिवशी येतो त्या दिवशी आपला माल उडतो. त्याने शेजाऱ्याला सांगितलं. मग बाजारात बातमीच झाली की अंबरनाथच्या त्या चष्मेवाल्याचा हातगुण चांगला आहे. त्यांना हाका येऊ लागल्या, "अरे साईं, आज इधर! एक रुमाल ले लो, बस. बोहनी आपके हाथ से." चहा येई, बसायला स्टूल येई. साडू रुमाल घेत आणि चहा पिता पिता शेठचा धंदा पोटातून काढून घेत. माल कुठून येतो, उधारी कुठे अडकते, श्रावणात काय पडून राहतं. शेठ लोक हातचं राखून बोलत नसत. ज्याच्या हाताला यश आहे त्याच्यापासून काय लपवायचं?

ही सगळी माहिती दर रविवारी संध्याकाळी बदलापूरला माझ्या गॅलरीत येई. मी एका सहकारी पतसंस्थेत कारकून. पैशाच्या कचेरीत बसतो म्हणून सासरच्या मंडळींत माझ्या मताला उगाच वजन. साडू खुर्ची पुढे ओढून मांडणी करत, आणि ती इतकी चोख असे की आमच्या शाखाधिकाऱ्याने ऐकली असती तर जागेवर कर्ज मंजूर केलं असतं. शेवटी ते थांबत, चष्मा काढून शर्टाला पुसत आणि म्हणत, "बोला साडूभाऊ. आता तुम्ही खोट काढा."

आणि मी खोट काढत असे. वडापावची गाडी? "चांगलं आहे, पण पावसाळ्यात काय?" इस्त्रीचं दुकान? त्यासाठी त्यांनी सबंध बिल्डिंगचे कपडे महिनाभर फुकट इस्त्री करून पाहिले होते, एकही जळला नव्हता. "पण हल्ली लोक न चुरगळणारे कपडे घेतात." जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणायचं? "पण तो बाजार दुसरीकडे हलला तर?" साडू भुवया उंचावत, मान डोलवत, "हे मात्र सुचलं नव्हतं," असं म्हणत आणि सोमवारी नव्या उत्साहाने नवीन धंद्याच्या शटरसमोर उभे राहत. निराश होणं त्यांना जमतच नसे. जाताना वर माझेच आभार मानत. "वाचवलंत," म्हणत.

खरं सांगायचं तर त्यांना वाचवायचा माझा काही हेतू नव्हता. मलाही एकेकाळी बदलापुरात वह्या-पुस्तकांचं दुकान काढायचं होतं. जागा बघितली होती, नावही ठरवलं होतं. मग भीती वाटली आणि मी नोकरीतच राहिलो. तशी भीती वाटणारा मी एकटाच नाही, हे साडूंकडे बघून बरं वाटे. दोघं काठावर उभे आहेत तोवर कोण घाबरट आहे ते कळत नाही. एकाने उडी मारली की दुसऱ्याचे कोरडे कपडे दिसतात. म्हणून दर रविवारी त्यांना मी काठावरच धरून ठेवत होतो.

एकदा तर अगदी ठरलंच होतं. अंबरनाथ पूर्वेला रिक्षास्टँडजवळ एक छोटा गाळा भाड्याने मिळत होता, आणि तिथे पोळीभाजी केंद्र काढायचं. ताईच्या हाताला चव आहे, नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी त्याच वाटेने घरी जातात. ताई स्वतः रविवारी सोबत आली होती, नवीन साडी नेसून. त्यात खोट नव्हतीच. मी बराच वेळ चहा ढवळला आणि म्हणालो, "पण उद्या कोणी समोरच दुसरं केंद्र काढलं तर?" साडू विचारात पडले. ताई कपबशा उचलून आत गेली. आठवडाभराने गाळा दुसऱ्याला गेला, आणि त्या दुसऱ्याने तिथे पोळीभाजी केंद्रच काढलं. ते आजही जोरात चालतं. साडू मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. रांग फुटपाथवरून खाली उतरली होती. "बघितलंत? केवढी गर्दी! आपल्याला हे झेपलं नसतं हो. तुम्ही होतात म्हणून," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा भार अजून जात नाही.

नंतर ठेवीचे पैसे थोडेथोडे घरखर्चाला लागू लागले. ताई शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायला लागली. साडूंच्या रविवारच्या मांडणीत पहिल्यांदाच "यंदा नाही तर मग नाहीच" असं वाक्य आलं. आणि अशाच एका रविवारी ते गॅलरीत न बसता उभेच राहून म्हणाले, "साडूभाऊ, सापडला. पिठाची गिरणी! पालेगावात. तिकडे नव्या इमारती उठल्यात आणि आसपास एक गिरणी नाही. अहो, प्रत्येक धंद्यात आधी माल भरावा लागतो. आपली पुंजी मालातच संपते. हा एकच धंदा असा, की गिऱ्हाईक माल स्वतःच्या डोक्यावरून आणून देतं आणि वर पैसे देऊन परत घेऊन जातं!"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो. त्या दिवशीही सोबत आलेली ताई ओट्यापाशी उभी होती. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "भाऊजी, या वेळी काही बोलू नका. इतकं करा माझ्यासाठी."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. कदाचित पहिल्यापासून.

मी बाहेर आलो. साडूंनी चष्मा पुसला. "बोला. काढा खोट." लोक हल्ली तयार पिठाच्या पिशव्या आणतात, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "नाही. काही दिसत नाही." त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. मशीन बसवणाऱ्या मिस्त्रीने जाता जाता बजावलं, "सेठ, पत्थर नया है, अभी टाकी मारी है. पहले अपना दो-चार किलो गेहूँ डालके फेंक देना, फिर गिराहक का लेना." जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी मारली की त्याची बारीक कच पहिल्या पिठात उतरते, म्हणून. साडू मिस्त्रीवर उखडलेच. "पहिलं दळण फेकून द्यायचं? भवानी फेकायची? अरे, शकुन-अपशकुन काही कळतं का तुला?" वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या भवान्या केलेला माणूस तो. इतर कुठल्याही गोष्टीत त्याने मिस्त्रीचं ऐकलं असतं.

भवानी कोणाच्या हातून, हाही प्रश्न होताच. मेव्हणे, शेजारी, उल्हासनगरहून खास आलेला कापडवाला शेठ, सगळे हातात धान्य घेऊन पुढे झाले. साडूंनी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "पहिलं दळण साडूभाऊंचं. इतकी वर्षं या माणसाने एक धंदा पास केला नव्हता. पहिला पास केला तो हा. यांच्याइतका चांगला हात दुसरा कोणाचा असणार?"

ताई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातला गव्हाचा डबा त्यांनी ओढून घेतला. दगडाच्या कचेची गोष्ट त्यांना समजावून सांगायची ती वेळ होती. मी सांगितली नाही. त्या गिरणीविषयी वाईट शब्द काढायचा नाही, एवढंच मला कळत होतं. पट्टा फिरला, जमीन थरथरली, सुपातला गहू खाली उतरू लागला. पीठ पडताना साडू ते चिमटीत घेऊन बोटांवर चोळून बघत होते. पैसे मात्र त्यांनी रोख घेतले, कपाळाला लावले आणि देवाच्या फोटोपुढे ठेवले.

त्या रात्री जेवताना पहिल्याच घासाला दाताखाली कचकन आलं. बायकोने घास थांबवला. "अहो, वाळू आहे पिठात." तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे गिरणीची घरघर आणि तिच्यावरून ओरडणारे साडू. "काय साडूभाऊ, पोळ्या कशा झाल्या? खरं सांगा हां!"

"मऊ झाल्यात," मी म्हणालो. "एकदम मऊ."

पलीकडे कोणीतरी बाई विचारत होती, बाजरी दळता का? "ठेवतो हं, गिऱ्हाईक आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आजवर आमच्यात फोन आधी ठेवायचा तो मीच.

ते पीठ बायको टाकून देणार होती. मी टाकू दिलं नाही. माझ्या वाटणीच्या पोळ्या त्याच पिठाच्या करून घेतल्या, संपेपर्यंत.

गिरणी बरी चालते. फार नाही, पण ताईने फॉल लावणं सोडलंय. दळणाची गर्दी रविवारी असते, त्यामुळे साडू बदलापूरला येत नाहीत. मीच डबा घेऊन पालेगावला जातो. वाटेत दोन गिरण्या लागतात, आणि बायकोला हे नुसतं खूळ वाटतं. भुवयांपर्यंत पांढरे झालेले साडू मान वर न करता म्हणतात, "ठेवून जा साडूभाऊ, वेळ लागेल. संध्याकाळी या." मी डबा रांगेत ठेवतो, आणि लगेच निघत नाही. बाजूला, पीठ उडत असतं तिथे, थोडा वेळ उभा राहतो.