तुळसाबाईच्या पायाखालची थरथर

एकोडीच्या तुळसाबाईला महिनाभरापासून जमीन थरथरताना जाणवत होती. बसली की उठावंसं वाटे, उठली की अंगणात येरझारा सुरू. धानाच्या रोवण्याला गेली, तरी चिखलात तिचं लक्ष पायाखालीच. "तुले भास होऊन राहिले," म्हणत नवरा तेजराम हसायचा.

तिची भाची रश्मी जमिनीतली बारीक कंपनं मोजायची नोकरी करायची. ती यंत्र घेऊन आली आणि घरामागे खड्डा करून तिनं ते बसवलं. लॅपटॉपवर रेघ सारखी नाचू लागली. तुळसा ओरडली, "पाह्य, हालूनच राहिली ना जमीन!"

"मावशी, जमीन कधीच चूप नाही रायत. हायवेचे ट्रक, धानाची गिरणी, वाऱ्यानं हालणारी झाडं, दूरच्या समुद्राच्या लाटासुद्धा तिले हालवतात. पण ते माणसाले समजत नाही."

दोन दिवस थरथर जाणवली की तुळसा हाक मारायची आणि रश्मी रेघ बघायची. एकदाही त्या वेळी रेघेत वेगळं काही निघालं नाही.

"मंग माह्यातच काई बिघडलं का वं?" तुळसानं विचारलं. तिच्या हाताची बोटं कापत होती. रश्मीनं तो हात घट्ट धरला. "चाल मावशी, साकोलीले डॉक्टरकडे जाऊ."

रक्त तपासल्यावर थायरॉईड वाढल्याचं कळलं; त्यानंच तिचं अंग आतून थरथरत होतं. गोळ्या सुरू झाल्या. तेजरामचं हसणं बंद झालं. गोळीची आठवण तोच करून द्यायचा. थरथर एकदम गेली नाही. पण धान कापणीला रश्मी आली, तेव्हा मावशी जेवण संपेपर्यंत तिच्यासोबत एका जागी बसली.