हाकामारी

सोनूकाकूने कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला तब्येत विचारल्याचं मला आठवत नाही. "तब्येत इचारली का मानूस दुखनीच मोजत बसतं," असं ती म्हणे. डोळखांबच्या वाटेवरच्या आमच्या गावात कुणी म्हातारं माणूस भिंतीकडे तोंड करून गप्प झालं, की मोड आलेल्या वालांची परात घेऊन ही त्याच्या ओटीवर हजर. परात मध्ये ठेवायची आणि आपण सोलायला लागायची. थोड्या वेळाने समोरचेही हात आपोआप परातीत जात.

मग खाली मान घालूनच ती विचारी, "लहानपनी तुमाला हाक कोन मारायचं? काय म्हनून?" आणि मुकी झालेली माणसं बोलू लागत. कुणाची आई निघे, कुणाचा विहिरीत बुडालेला सवंगडी. ते जुनं नाव कळलं की काकू त्या नावाने एकदा हाक मारी, आणि सगळे दात पडलेला माणूस लहान पोरासारखा "ओ" देई.

घोडं पेंड खायचं ते इथेच. त्यांच्यातली बरीचशी माणसं लवकरच जात. जाणारच होती, वयं का थोडी होती? पण एका हाकेला ओ देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. हाकामारी नावाचं भूत ओळखीच्या आवाजात दारातून बोलावतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. एकोणीसशे नव्वदनंतर त्या भुताची आवई उठली आणि गावाने ते नाव काकूलाच चिकटवलं. तिच्या कानावर आलं तेव्हा ती खो खो हसली. "भूत कदी वाल सोलतं का गो?"

आई गेल्यावर आमचे बाबा बोलायचे थांबले. मी शहापूरला सासरी. दर रविवारी जायची, त्यांच्यासमोर बसायची आणि परत यायची. एकदा एस.टी.त बसल्यावर बाबांचा आवाज आठवून पाहिला, तर आठवेना. मी फार घाबरले. त्यापुढे हाकामारीची भीती काहीच नव्हती. मी काकूला बोलावलं.

वहिनीने मला आत ओढलं. "वन्सं, तिला नका आणू. मामंजी हायेत तसे बरे हायेत."

"याला बरं म्हणतात?" मी म्हटलं.

काकूने ओटीवर परात ठेवली आणि तिचा तो प्रश्न विचारला. बाबांच्या चिमटीतला वाल तसाच राहिला. "आक्का," ते म्हणाले. "भुऱ्या म्हनायची." आम्हाला एक आत्या होती, हेच आम्हा भावंडांना ठाऊक नव्हतं. परकरात असतानाच ती तापाने गेली होती. मग बाबा थांबेचनात. आक्का, म्हशाच्या जत्रेतले बैल, आईला पाहायला गेले तो दिवस. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. मी सासरी निरोप धाडला आणि राहिले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार होती, अंगणात चिटपाखरू नव्हतं. माझ्याशी बोलता बोलता बाबांनी अंगणाकडे मान वळवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "ओ! आलो गो." मी पाहिलं, कुणी नव्हतं. वळून बाबांकडे पाहिलं, तर ते भिंतीला टेकलेले होते, आणि गेलेले होते.

दिवसपाणी झाल्यावर काकू आली. वहिनीने दार लावून घेतलं. मी अंगणात गेले आणि विचारू नये ते विचारून बसले. "काकू, तू नेलंस त्यांना?"

ती रागावली नाही. "मी कोन न्यायची, बाय? आक्का तर कवाची हाका मारीत व्हती. त्यांना आपलंच नाव आठवत नव्हतं, तं ओ कशी देतील?"

पुढे ती मुरबाडकडे भाच्याच्या घरी गेली आणि तिथेच वारली. माझा तिच्यावर फार जीव होता, अजून आहे. बाबांचे ते शेवटचे दिवस तिने मला दिले. कुणी गप्प झालेलं म्हातारं माणूस भेटलं की मी तिचाच प्रश्न विचारते, आणि माणूस बोलतं.

लहानपणी बाबा मला काय म्हणून हाक मारायचे, ते मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.