सातवा हात

माझ्या बापाने हात वर केला तेव्हा सभा संपलेली होती. लोक चपला शोधत होते. देवळापुढच्या मांडवात तो एकटा उभा. इस्त्रीचा पांढरा सदरा, हात सरळ वर. आणि सगळा गाव हसत होता.

चूक माझी होती. बाबाला ऐकू कमी यायचं. निघतानाच म्हणाला होता, "आपली वाडी पुकारली का मना हात लाव. मंग मी उठीन." लोक उठले म्हणून 'चल' सांगायला मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्याला वाटलं, पाळी आली.

अध्यक्ष माईकवरूनच म्हणाले, "हात खाली कर रे. निकाल लागला. तुमची गरज नाय."

पनवेलकडे, गव्हाणच्या पुढे आमचं गाव. कागदावर काहीही असो, गावात चालतं ते गावकीचं. मत आळीवार पडतं. एका आळीचं एक मत, तिच्यातल्या एकाने उठून हात वर करायचा. सहा आळ्या जमीनवाल्यांच्या. सातवी आमची वाडी, मिठागरावर मजुरी करणाऱ्यांची. माणसं मोजली तर कुठल्याही तीन आळ्यांपेक्षा आम्ही जास्त, मत मात्र एकच. ज्यांची जमीन जास्त त्यांची आळी आधी पुकारायची, आमची शेवटी. चार हात एका बाजूला पडले की सभा उठते.

आणि त्या दिवशीचा प्रश्न आमचाच होता. खाडीकडची आमची मसणवट बिल्डरच्या रस्त्याला द्यायची का? आजीला तिथेच अग्नी दिला होता. बाबा तीन दिवस एकच वाक्य घोकत होता, "माजी आय थंच जलली." ते त्याच्या तोंडातच राहिलं.

मी तेव्हा सतरा वर्षांची. परतताना त्याच्या कानाशी ओरडून म्हटलं, पुढच्या वेळी लवकर जाऊ, पुढे बसू. मला खरंच वाटायचं, आम्ही मागे बसतो म्हणून दिसत नाही. एवढी मी बावळट.

पुढे पनवेलच्या कॉलेजात इतिहास घेतला. एके दिवशी सर रोम शिकवत होते. म्हणाले, राजा हाकलला होता त्यांनी, नागरिक सभेत मत द्यायचे. मग फळ्यावर सभेची मांडणी काढली. मालमत्तेप्रमाणे गट. एका गटाचं एक मत. श्रीमंतांचे गट पुष्कळ, त्यांत माणसं थोडी, आणि ते आधी. ज्यांच्याकडे काहीच नाही ते सगळे एकाच गटात कोंबलेले, सगळ्यांत शेवटी. बहुमत झालं की मतदान बंद.

मी उठले. "सर, शेवटच्यांची पाळी यायची का?"

"क्वचित. पण हक्क होता ना त्यांना! बस खाली, परीक्षेला येत नाही ते."

बसले. फळ्यावर आमचीच सभा दिसत होती. आम्ही उशिरा जातो म्हणून नव्हे, मागे बसतो म्हणूनही नव्हे. आमची पाळी येऊ नये म्हणूनच ती ओळ तशी लावलेली होती. तिकडे रोमलाही कुणाचा तरी बाप स्वच्छ कपडे घालून उन्हात उभा राहिला असेल, आणि तसाच घरी गेला असेल. मला रडू आलं ते त्याच्यासाठी की बाबासाठी, सांगता येणार नाही.

घरी येऊन बाबाला सगळं ओरडून सांगितलं. "दोन हजार वर्सां?" तो म्हणाला. "मंग आता काय बदलनार." आणि कुशीवर वळला.

गेल्या वर्षी तो गेला. मसणवटीवर रस्ता झाला होता. त्याला टेम्पोत घालून दुसऱ्या गावात न्यावं लागलं. तिथल्या लोकांपुढे हात जोडले, तेव्हा त्यांनी जाळू दिला.

परवा पुन्हा सभा झाली. आता वाडीच हलवायची म्हणतात. मी गेले. बायका आमच्याकडे सभेत बोलत नाहीत. पहिली आळी पुकारायच्या आत मी उभी राहिले, हात वर केला.

"आळ्या नका मोजू. मानसां मोजा."

अध्यक्ष तेच. "बाय, तुला कोनी पुकारला?"

"कोनी नाय. माज्या बापाला पन नाय."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पहिली आळी पुकारली. मग दुसरी. तिसरी. चौथा हात वर गेला, लोक उठले.

"हात खाली कर. निकाल लागला."

मी केला नाही. खांदा भरून आला होता. आमच्या वाडीतले दोघे माझ्याकडे न बघता निघून गेले. उद्या त्यांना याच लोकांच्या डंपरवर कामाला जायचंय. माईकवाल्याने वायर गुंडाळली, सतरंजी उचलताना मला म्हणाला, बाजूला हो. मी एक पाऊल सरकले, हात तसाच.

वाडी जाईल. मला आशा नाही, खोटं कशाला बोलू? पण आमच्याबद्दल जिथे काही ठरणार असेल, तिथे पहिल्या पुकाऱ्याआधी मी उभी असेन. हसायचं तर हसा. मोजल्याशिवाय हा हात खाली येणार नाही.