शिरीषाची कड

सोमवारी विनायक दारातल्या शिरीषावरून पडला आणि गेला. झाडांच्या वाळलेल्या फांद्या उतरवणं हेच माझ्या नवऱ्याचं काम होतं.

त्याने अर्धी कापलेली फांदी तशीच लोंबत राहिली. दिवसकार्य उरकल्यावर त्याचा जोडीदार रघू ती उतरवायला आला. चढण्याआधी त्याने विनायकसारखंच लाकडी हातोडीने खोड ठोकलं आणि कान लावला.

हे खोड पोकळ निघालं तर झाड पाडावं लागणार होतं. भरीव निघालं तर रघू वर चढणार होता. मला दोन्हींची भीती वाटत होती.

"भरीव आहे, वहिनी. आता आत जा बघू. तुम्ही बघत राहिलात की माझेच पाय लटपटतात."

"दोर नीट बांधलास?"

"दादांनी शिकवला तसाच. चुकला असता तर वरून शिव्या घातल्या असत्या त्यांनी."

विनायक म्हणायचा, फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेली फुगीर कड राखावी; मग साल हळूहळू जखमेवर सरकते. जखम भरत नाही, झाकली जाते. कड तासली, तर तेवढंही होत नाही.

रघूने कड राखली आणि तो सुखरूप उतरला.

झाड उभं आहे. वारा सुटला की मी खिडकी लावून घेते.