लालबागला अडकलेला स्टो

बिऱ्हाड हलवायला घेतलं की पलंगाखालून जेवढं सामान निघतं, तेवढेच किस्सेही निघतात. सामान भंगारवाल्याला देता येतं. किस्से तो घेत नाही, मी विचारून बघितलंय! म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतो.

गिरगावातल्या आमच्या चाळीत कोणाचंही बिऱ्हाड हलायचं असलं की बोलावणं मला. मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून! पण सामान बांधण्यात आणि माणसांची फिरकी घेण्यात वस्ताद.

आमच्या मजल्यावरचे नाना सरकारी हापिसात कारकून. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत त्यांना नायगावला दोन खोल्या मिळाल्या. वहिनींची अट एकच. "दिवेलागणीला अमावास्या लागते. त्याच्या आत नव्या घरात दूध उतू गेलं पाहिजे. नाहीतर मी पोरांना घेऊन पेणला, माहेरी. तुम्ही राहा दोन खोल्यांत, आलटून पालटून!"

नाना हबकले. जुनी खोली संध्याकाळी दुसऱ्यांच्या ताब्यात जायची होती, आणि उद्या हरताळ. म्हणजे काय ते आजच!

*

नानांनी पोरांना हुकूम सोडला, "ज्याने त्याने आपापलं सामान बांधायचं!" धाकटा बंड्या पाच वर्षांचा. तो सरळ जाऊन नानांच्या खांद्यावर बसला. म्हणाला, "माझं एवढंच आहे."

थोरली बेबी मात्र घासलेटचा एक चेपका डबा घेऊन आली. चाळीच्या नळावर पहाटे रांगेत ठेवायचा तो डबा.

"अगं, हे कशाला?" नाना ओरडले.

"बाबा, हा आपला नंबर आहे. तिथे गेल्या गेल्या नवा नंबर कोण देणार आपल्याला?"

नानांनी डबा हातगाडीवर सगळ्यात वर बांधला.

*

निघताना शेजारपाजारच्या बायका वहिनींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही डोळ्याला रुमाल लावून जोरात हुंदका दिला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कशाला रडताय? तुम्ही तर आमच्याबरोबर येताय ना?"

म्हटलं, "म्हणूनच! पलंग मलाच उचलायचाय!"

रडणाऱ्या सगळ्याजणी फस्सकन हसल्या. वहिनीसुद्धा. मग मात्र खऱ्याच रडल्या. मी गुपचूप पलंगाकडे वळलो.

*

देव पुढे गेले पाहिजेत म्हणून वहिनी आणि बेबी ट्रामने निघाल्या. मांडीवर देवांचा डबा. पुढचं बेबीने सांगितलेलं. कंडक्टरने विचारलं, "बाई, डब्यात काय?"

"देव आहेत हो. गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण."

कंडक्टर गंभीर! "पहिल्या दोघांचं जाऊ द्या. बाळकृष्णाचं मात्र अर्धं तिकीट पडेल."

वहिनी पिशवीत पैसे शोधायला लागल्या. तेवढ्यात बेबीने डबा उघडून दाखवला. "अजून रांगतोय!"

"मग फुकट," म्हणाला, आणि हात जोडून पुढे गेला.

*

इकडे गाडी ओढायला मी, ढकलायला नाना आणि ढिगाच्या टोकाला गादीवर बंड्या. लालबागला पोचलो आणि समोरून मोर्चा! गाडी जागच्या जागी. स्टो गाडीत, पातेलं गाडीत, आणि वहिनी तिकडे रिकाम्या खोलीत दूध घेऊन बसलेल्या!

नुसतं उभं राहून काय करायचं? मी बंड्याला घोषणा शिकवली. झालं! पोरगं गादीवर उभं राहून मूठ आवळून ओरडायला लागलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि सगळा रस्ता, "झालाच पाहिजे!"

एक हवालदार धावत आला. नानांनी हात जोडले. "साहेब, मी सरकारी नोकर. आमचं फक्त बिऱ्हाड चाललंय हो!"

"झालाच पाहिजे!" वरून बंड्या.

हवालदाराने वर बघितलं, खाली बघितलं. हळूच म्हणाला, "पोराला म्हणावं, जरा हळू. मला ऐकू येत नाहीये, पण मागे आमचे साहेब आहेत." आणि शिट्टी फुंकत त्याने आम्हाला बाजूच्या गल्लीत वाट करून दिली. मोर्चातल्या चारजणांनी मागून गाडी ढकलली. एकाने विचारलं, "पोरा, जायचं कुठे?" बंड्या गरजला, "नायगाव झालंच पाहिजे!"

*

पोचलो तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर चढलं होतं. वहिनी तशाच बसलेल्या. शेजारीण स्टो द्यायला तयार होती, पण नव्या घराची सुरुवात उसन्या विस्तवाने? छे!

मी स्टो पेटवला. वहिनींनी पातेलं चढवलं. दारात नवी चाळ गोळा झाली. बंड्या कोपऱ्यात दुधावर डोळे लावून बसला; जुन्या घरी ते काम त्याचंच. दूध फुगलं, वर आलं, काठाला लागलं... आणि वहिनींचा पदर पुढे गेला, पातेलं खाली!

"अगं!!" नाना.

"अगं बाई, सवयीने हो!" वहिनी रडकुंडीला आल्या. समोरच्या खिडकीत दिवा लागला. "लागली अमावास्या!" नाना म्हणाले.

"तो दिवा धरायचा नाही," दारातली एक म्हातारी म्हणाली, "ती बाई दुपारीच लावते. चढव पुन्हा!"

पुन्हा पातेलं. स्टोला मी असा पंप मारला की टाकी फुटायची. दूध वर आलं. वहिनींचा हात हलला, तशी नानांनी झडप घालून त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले, अख्ख्या चाळीदेखत! आणि दूध गेलं उतू, स्टोवरून, फरशीवरून, पार उंबऱ्यापर्यंत!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी हसत होत्या, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

आणि कोपऱ्यातून बंड्याने भोकाड पसरलं, "आई, मला मारू नको! मी लक्ष ठेवलं होतं! बाबाच तुला सोडत नव्हते!"