मोडला, धाब्यावर बसवला नाही

पुठ्ठ्याच्या कारखान्यात दोघी बहिणींतल्या थोरलीला सगळे 'पट्टीवाली' म्हणत. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पण मशीनभोवतीची पिवळी पट्टी नव्या माणसाला शिकवावी ती तिनेच. मशीन चालू असताना कुणाचं पाऊल पट्टीपलीकडे पडलं, की मनगट धरून मागे ओढायची. वयाचा, हुद्द्याचा मुलाहिजा नाही. "मलाही ओढलंय," असं मॅनेजर स्वतःच सांगत.

म्हणूनच त्या दिवशी तीच पट्टी ओलांडून आत शिरली, तेव्हा सगळे बघतच राहिले. समोर काम करणाऱ्या गप्पिष्ट बाईची बाही रोलरमध्ये ओढली जात होती. ओरडून सांगायची सोय नव्हती. मशीन थांबवायचं लाल बटण थोरलीच्या बाजूला होतं ते लांब, मशीनच्या टोकाला. पट्टीच्या आतलं हाताशी. तिने ते दाबलं. बाही फाटली, हात वाचला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत तिची बाजू मांडायला धाकटी बहीण आली. थोरली मशीनवर राहणार की कायमची गठ्ठे बांधायला जाणार, एवढंच ठरायचं होतं.

"जी नियम शिकवते, तिनेच तो धाब्यावर बसवला," मॅनेजर म्हणाले. "आता बाकीच्यांना मी कुठल्या तोंडानं अडवू?"

धाकटीने ते थोरलीला खुणेने सांगितलं: फळाची साल खांद्यावरून मागे भिरकवावी, तसं. बहिणींच्या भाषेत धाब्यावर बसवणं म्हणजे हेच. मागे वळूनही बघायचं नाही. घरात ही खूण एकट्या काकांसाठी राखीव होती. 'विडी ओढू नये' या पाटीखालीच ते विडी पेटवत.

थोरलीचा चेहरा उतरला.

"ताई, चुकून गेले म्हण," धाकटीने हळूच खुणावलं. "सुटशील."

थोरलीने नकारार्थी मान हलवली. वाळकी काटकी मोडावी तशा दोन्ही मुठी फिरवल्या. मग दोन बोटं डोळ्यांकडे नेली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, नियम मोडला. बघून-सवरून मोडला. त्याची शिक्षा द्या, घेते. पण धाब्यावर बसवला नाही. तेवढा शब्द मागे घ्या."

मॅनेजरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मोडला म्हणजे शिक्षा आलीच. आठवडाभर गठ्ठे, मग मशीन." मग चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "आणि तो शब्द घेतला मागे."

जिन्यात धाकटी फणकारली. "आठवडा ओढवून घेतलास ना अंगावर? चुकून म्हणताना काय हात झिजले असते तुझे?"

"चुकून गेले असते, तर बटण कुणी दाबलं असतं?" थोरलीने विचारलं, आणि ताठ मानेने पायऱ्या उतरली.

आठवड्याने ती मशीनवर परतली. गप्पिष्ट बाई समोरून मिठी मारायला धावली, ती थेट पट्टी ओलांडूनच. मशीन चालू होतं. थोरलीने तिचं मनगट धरलं, तिला पट्टीबाहेर नेऊन उभं केलं, आणि मग मिठी मारू दिली.