पहिल्या फेरीचा माझा अंदाज

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आम्ही काही जण अमेरिकन फुटबॉलची ऑनलाइन लीग खेळतो. सामने कॉम्प्युटर खेळवतो, खेळाडू मात्र प्रत्येकाने आपापला घडवायचा. मग संघांचे मॅनेजर, तेही आमच्यातलेच, फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत निवडलेले लगेच खेळतात, बाकीचे बहुतेक बाकावर बसतात. पहिल्या फेरीत कोण जाईल, हा अंदाज मी निवडीआधी ग्रुपवर लिहिते.

आमच्यातल्याच, कोपरला राहणाऱ्या निखिलने खूप मेहनतीने खेळाडू घडवला होता. "अगं, टाक ना त्याचं नाव," तो म्हणालेला.

"त्याच्या खेळाचे आकडे दुसऱ्या फेरीच्या लायकीचे आहेत रे. खोटं कसं लिहू?"

आज निवड झाली. त्याचा खेळाडू पहिल्या फेरीत गेला नाही. एका संघाच्या मॅनेजरने ग्रुपवर सहज लिहिलं, "आम्ही घेणार होतो, पण हिच्या अंदाजात नव्हता, म्हणून सोडला."

निखिलचा मेसेज आला, "मग हा अंदाज कसला? तू तर निकालच दिलास."

ते वाचून मला माझीच गोष्ट आठवली. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. शाळेतल्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "ही पुढे शिकेल." तेवढ्यावर घरच्यांनी मला शिकवलं. तेव्हा माझे गुण काही तसे नव्हते.

माझ्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं?